एकेचाळीस हजार दोनशे तेरावी ओळ

१

दोष दादांचा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलेलं बरं, कारण नागावात कुणालाही विचारलंत तर उलटंच ऐकायला मिळेल. दादा म्हणजे देवमाणूस. दादांनी बिनलग्नाच्या बहिणीला जन्मभर सांभाळलं. कॉलेज अर्धवट टाकून आलेल्या नातवालाही दादांनीच घरात घेतलं. म्हातारा पांढराशुभ्र लेंगा-सदरा घालून देवळाच्या पायरीवर बसला की गाव त्याला काही विचारत नाही. वय झालं की माणूस आपोआप चांगला होतो, अशी आपल्याकडे समजूत आहे.

ती बहीण म्हणजे कुमुदआत्या. त्या नातवाच्या, सुश्रुतच्या, बाबांची आत्या, म्हणून सगळ्या घराचीच आत्या. अलिबागला कोर्टाच्या मागच्या गल्लीत दादांचं टायपिंग सेंटर होतं. तिथे बसून तिने अडतीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, बक्षीसपत्रं बडवली. आधी रेमिंग्टनच्या मशीनवर, मग कॉम्प्युटरवर, पण कळांच्या जागा त्याच. चूक झाली की दादा लाकडी फूटपट्टी मारायचे. एकदा ती उजव्या हाताच्या अनामिकेवर बसली. हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. त्यानंतर कुमुदने एक चूक केली असेल तर शपथ, असं दादा पाहुण्यांना हसत हसत सांगायचे. पाहुणेही हसायचे.

नागावची नारळी-पोफळीची वाडी दोघांच्या नावावर होती. मांडव्याला बोटीतून उतरून गाड्या घेऊन येणारे मुंबईकर ती बघून जायचे, आणि ते गेले की दादा एक कागद बाहेर काढायचे. हक्कसोडपत्र. आपल्याकडे बहिणी ते देतात. माहेर तुटू नये म्हणून देतात, भाऊबीजेच्या साडीसाठी देतात, कुणी मागितलं म्हणूनही देतात. दादांनी तर ते तिलाच टाइप करायला लावलं होतं. तिने टाइप केलं, एकही चूक न करता, आणि सही न करता परत दिलं.

"कुमुद, सही राहिली."

"राहिली नाही, दादा. केली नाही."

हे जानेवारीतलं. फेब्रुवारीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अलिबागच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवून दादांनी तिला घरी आणलं आणि मागच्या कांद्याच्या खोलीत टाकलं. पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगलेल्या, खाली तिची खाट.

"तिला शुद्ध नाही," दादांनी सगळ्यांना सांगितलं. "आत कुणी जाऊ नका. जंतू लागतात. नलू सकाळी येऊन सगळं करून जाईल."

सुश्रुत त्याच घरात राहत होता. त्या दारापासून त्याच्या जेवणाच्या पाटापर्यंत अकरा पावलं होती. तो आत गेला नाही. दादांनी सांगितलं म्हणून गेला नाही, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे आतून वास यायचा.

२

सुश्रुतला एकच काम येत होतं. सेंटरमधले चारही कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचे, कारण ते फुकट आणि दादा कंजूष. त्यावर मराठी उमटवणारं जे सॉफ्टवेअर होतं तेही फुकटातलं, चार लोकांनी हौसेने बनवलेलं. बोट कळेवर पडलं की पडद्यावर कोणतं अक्षर यायचं, हे ते ठरवतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लाथ मारून आलेला हा पोरगा त्यात शिरला आणि त्यातले बग, म्हणजे चुका, काढायला लागला. तिथे कुणी मार्कशीट मागत नव्हतं.

पहिला मोठा बग त्याला आत्यामुळेच सापडला. तिने भराभर टाइप केलं की मध्येच दोन अक्षरांची अदलाबदल व्हायची. आत्या चुकत नव्हती. तिची ती मोडकी अनामिका कळेवरून जरा उशिरा उठायची, तोवर पुढचं बोट पुढच्या कळेवर पडलेलं असायचं, आणि सॉफ्टवेअर गोंधळायचं. सुश्रुतने मागच्या दिवाळीत तिच्या टायपिंगची एक तासाची नोंद करून ठेवली. प्रत्येक कळ कधी दाबली, कधी उचलली, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

"हे कशाला रे?" तिने विचारलं होतं.

"टेस्टसाठी. कीबोर्डशिवाय कीबोर्ड बडवायचा. ही नोंद सॉफ्टवेअरला खाऊ घालायची, आणि तू टाइप केलंस तेच बाहेर येतंय का बघायचं. रोज, आपोआप."

"म्हणजे मी मेले तरी माझ्याकडून टाइप करून घेणार तुम्ही," आत्या म्हणाली, आणि पुढचं प्रतिज्ञापत्र ओढून घेतलं.

त्या नोंदीत एकेचाळीस हजार दोनशे बारा ओळी होत्या. दाबल्याची एक, उचलल्याची एक. त्यामुळे आकडा सम. तो समच असणार. दाबलेलं बोट कधी ना कधी उचललं जातंच.

सॉफ्टवेअरची मुख्य सांभाळणारी यशरा. श्रीवर्धनची, नोकरी पुण्याला, सुश्रुतपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. नोंद बघून तिने फोन केला होता.

"कोण आहे रे ही बाई? माशाअल्ला, एक चूक नाही तासाभरात! हिच्यापुढे आपण सगळे कोंबडीसारखे टोचतो."

मार्चमध्ये तिनेच त्याला सांगितलं, "येत्या शुक्रवारी नवी आवृत्ती काढू. त्यात तुझी दुरुस्ती जाऊ दे. सगळ्या टेस्ट पास करून दे मला, मग सांभाळणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव घालते. बघणारे बघतात ती यादी."

सुश्रुतला तेवढंच हवं होतं. घरी रोज जेवताना दादा विचारायचे, "काय इंजिनिअरसाहेब, आज कुठली कळ दाबलीत?" त्या यादीतलं नाव तो त्यांच्या ताटात टाकणार होता.

३

सोमवारी दुपारी टेस्ट पडली.

कोर्टाची जेवणाची सुट्टी होती. वकील, पक्षकार सगळे खानावळीत गेलेले, गल्ली ओस. सेंटरचा पंखा गरगरत होता आणि पत्रा तापून मधूनच टणकन वाजत होता. सुश्रुतने टेस्टचा लॉग, म्हणजे चालताना आपोआप होणारी नोंद, उघडला. आत्याची नोंद शेवटपर्यंत नीट चालली होती. अक्षर न अक्षर बरोबर. पण शेवटी एक ओळ जास्त होती.

एकेचाळीस हजार दोनशे तेरा.

कळ दाबली. अनामिकेखालची, उजवी. उचलल्याची ओळ नव्हती.

त्याने मूळ नोंद तपासली. तिच्यात एकेचाळीस हजार दोनशे बाराच ओळी होत्या, फाईल दिवाळीनंतर कुणी उघडलीही नव्हती. पुन्हा चालवलं. पुन्हा तेरा. मग त्याची नजर वेळेवर गेली. नोंदीतल्या वेळा शून्यापासून सुरू होत. या ओळीपुढे घड्याळातली वेळ होती. दोन वाजून दहा मिनिटं. म्हणजे आत्ता.

त्याला भीती वाटली नाही. राग आला. असल्या टेस्टला लहरी म्हणतात, मनात आलं की पडतात, मनात आलं की पास होतात, आणि त्यांच्यापायी माणूस आठवडे घालवतो. त्याने कीबोर्ड उपटून काढला. माऊस काढला. नेट बंद केलं. शेजारच्या कॉम्प्युटरवर चालवलं. तेरा.

मंगळवारी सकाळी त्याने तीच टेस्ट शंभर वेळा चालवली. शंभरही वेळा पास. दुपारी दोन दहाला पडली.

बघता बघता त्याला एक खराच बग सापडला. कळ दाबलेली असताना पडद्यावरची खिडकी बदलली तर सॉफ्टवेअर ती कळ उचलल्याचं विसरून जात होतं. त्याने तो काढला, त्याच्यासाठी वेगळी टेस्ट लिहिली, ती पास झाली, आणि तो इतका खूष झाला की समोरच्या टपरीवर जाऊन दोन वडापाव खाऊन आला. आल्यावर आत्याची टेस्ट चालवली.

आता जास्तीच्या ओळी दोनशेच्या वर होत्या. त्यांच्यातून अक्षरं उमटली होती.

*मी, खाली सही करणार, कुमुद, वय वर्षे एकाहत्तर, धंदा टंकलेखन, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की*

एवढंच.

४

कोर्टाच्या गल्लीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात असली वाक्यं हजारांनी पडलेली असतात. सुश्रुतने स्वतःला हेच सांगितलं. जुन्या कुठल्यातरी कागदाचा तुकडा मेमरीत राहिला असेल, टेस्ट संपताना तो सांडत असेल. पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. त्या दोनशे ओळींत अनामिकेची प्रत्येक कळ इतर बोटांपेक्षा चाळीस मिलिसेकंद उशिरा उचलली गेली होती.

रात्री जेवताना त्याने सहज विचारलं, "आत्या कशी आहे?"

"कशी असणार?" दादांनी भातावर आमटी ओतली. "देवाच्या दारात उभी आहे. त्याने आत घेतलं की सुटली."

"पाणीबिणी?"

"गिळता येत नाही तिला. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती केली तर फुप्फुसात जाईल." दादांनी पापड मोडला. "तू कधीपासून डॉक्टर झालास? इंजिनिअर तर झाला नाहीस."

डॉक्टर म्हणाले होते, नाकातून नळी घालून पाजा. सुश्रुत तेव्हा दवाखान्यात बाजूलाच उभा होता. त्याला आठवलं. त्याने दुसरा भात मागितला.

बुधवारी सकाळी नलू अंगणात हात धुताना त्याच्याशी बोलली. नलू पलीकडच्या आळीतली, पन्नाशीची, मोलाने म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची.

"दादा म्हनतात तिला सुद न्हाय. मंग मी आत गेली का डोळं कशाला माझ्यामागं फिरवते ती?"

"तसं होतं, नलूमावशी. आपोआप होतं."

"आपोआप?" नलूने साडीला हात पुसले. "मी चमच्यानं पानी घालते, ती गिळते. चांगली गिळते. पन दोनला मी निंगाली का तांब्या खिडकीत. परत सकाली येते तवा तांब्या तितकाच भरलेला. तू घरातला हायेस. तू बग की."

"बघतो."

"कदी?"

"बघतो म्हटलं ना."

नलू दोन वाजता जायची. दोन दहाला दादा खोलीला कडी घालत. ही दोन वाक्यं सुश्रुतच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली. सेंटरला जाताना सगळ्या रस्त्यात ती तशीच बसून राहिली, आणि त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही.

५

बुधवारी दुपारी आलं:

*मला ऐकू येतं. मला दिसतं.*

गुरुवारी तो दोन वाजल्यापासून पडद्यासमोर बसला. गल्लीत कुणी नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. दोन दहाला पहिली ओळ पडली, अनामिकेची. मग बाकीची बोटं आली. त्याला वेग ओळखू आला. सतरा-अठरा वर्षं ह्याच आवाजात त्याने सुट्ट्या काढल्या होत्या, टेबलाखाली गोट्या खेळत. आता आवाज नव्हता, लॉग फक्त गपगुमान वर सरकत होता. तरी तो ऐकू येत होता.

*भाऊ तांब्या खिडकीत ठेवतो. डावा हात पोचत नाही. उजवा माझा नाही.*

आणि थोड्या वेळाने, नवा परिच्छेद सोडून, अगदी नियमाप्रमाणे:

*पाणी.*

त्याच वेळी फोन वाजला आणि सुश्रुत खुर्चीतून अर्धा उठला. यशरा होती.

"काय रे हिरो, उद्या शुक्रवार. तुझी एक टेस्ट अजून लाल दिसतेय, नापास. ती आत्यांची."

"लहरी आहे. दुपारी पडते, सकाळी चालते."

"पडल्यावर काय येतं?"

"जास्तीच्या कळा येतात. कचरा."

"कचरा कसला? अक्षरं असतील ना काहीतरी?"

पडद्यावर ते दोन अक्षरी वाक्य उभं होतं. त्याने खिडकी छोटी केली.

"अक्षरं नाहीत. नुसता कचरा."

"अरे मग जिची नोंद आहे तिलाच विचार. ती त्या दिवशी शेवटी काही वेगळं करत होती का, कळेवर बोट ठेवून बसली होती का. घरातच आहे ना तुझ्या?"

"आजारी आहे. झटका आलाय. शुद्ध नाही तिला."

"अल्ला! सॉरी. मला माहीत नव्हतं." मग म्हणाली, "माझी खाला, आईची बहीण, दोन वर्षं अशी पडून होती, श्रीवर्धनला. सगळे म्हणायचे, कळत नाही तिला. तिच्या उशाशी बसून तिच्याच दागिन्यांवरून भांडायचे. नंतर एकदा तिची बोलती परत आली, चार दिवसांपुरती. सगळं पाठ होतं तिला. कोण काय बोललं, कुठल्या वारी. तू जाऊन बस तिच्याजवळ, सुश्रुत. टेस्ट राहू दे. आवृत्ती आपण पुढच्या महिन्यात काढू."

इथे थांबायला हवं होतं. पुढचा महिना. एवढंच ती मागत होती. आठ किलोमीटर स्कूटरवर जायचं, कडी काढायची, खिडकीतला तांब्या उचलायचा.

पण तसं करायचं तर लॉग खरा मानायला हवा होता. लॉग खरा मानला तर आजोबा कसला माणूस आहे ते मानायला हवं होतं, आणि तीन आठवडे अकरा पावलांवर बसून दुसरा भात मागणारा नातू कसला, तेही. त्यापेक्षा बग मानणं सोपं होतं. बगला आई-बाप नसतात.

"नको," सुश्रुत म्हणाला. "आज संध्याकाळपर्यंत हिरवी करून देतो."

त्याने टेस्टमध्ये चार ओळी घातल्या. मूळ नोंद संपली की त्यानंतर जे येईल ते न वाचता टाकून द्यावं. वर टीप लिहिली: ज्ञात दोष. दुर्लक्ष करावे.

हा धंद्यातला जुना पापी उपाय आहे. टेस्ट ओरडते ती कशासाठी, ते बघायचं नाही. तिचं तोंड बांधायचं.

टेस्ट हिरवी झाली. सकाळी हिरवी, दुपारी हिरवी. यशराने विचारलं, हे काय घातलंस? तो म्हणाला, टायमरचा कचरा आहे. तिने विश्वास ठेवला.

६

शुक्रवारी एक वाजता नवी आवृत्ती निघाली. यादीत त्याचं नाव आलं. त्याने फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला, दादांना दाखवायला.

दोन दहाला, सवयीने, त्याने टेस्ट चालवली. हिरवी. पण टाकून दिलेल्या ओळी किती, ते खाली बारीक अक्षरात येत होतं. सहाशे. दोन हजार. नऊ हजार. इतकं भराभर कुणी माणूस टाइप करू शकत नाही. काय लिहिलंय ते बघायला त्याने हात पुढे केला आणि त्याच्या लक्षात आलं की बघता येणार नाही. न वाचता टाकून द्यावं, असं त्यानेच लिहिलं होतं. ते कुठेच साठत नव्हतं.

तो उठला. सेंटरला कुलूप न लावताच स्कूटर काढली.

घरात दुपारची शांतता होती. दादांची काठी कोपऱ्यात, चपला दाराशी. मागच्या वाडीत रहाटाच्या पाटाला पाणी सोडलेलं, त्याचा खळखळ आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. पोफळींना पाणी चाललं होतं.

त्याने अकरा पावलं टाकली. दाराशी थांबला. आतून आवाज येत होता. नखांचा वाटावा तसा, लाकडावर. टक टक टक टक, आणि एक जरासा लांबलेला. टक टक टक.

त्याने कडी काढली.

कांद्याच्या माळा वाऱ्याशिवाय जराशा हलत होत्या. खिडकीत तांब्या होता, काठोकाठ भरलेला, त्यात एक मुंगळा तरंगत होता. खाटेवर जे होतं ते आत्याएवढं मोठं नव्हतं. ओठ झाडाच्या सालीसारखे. डोळे उघडे आणि छताकडे. आणि खाटेच्या लाकडी कडेवर उजवा हात चालला होता. गेलेला हात. मनगटापासून वर सगळं मेलेलं, दोरीसारखं लोंबणारं, आणि खाली पाच बोटं कळांच्या जागी पडत होती, उठत होती, पडत होती. कडेवर त्यांनी पाच खळगे पाडले होते. नखं उरली नव्हती.

तो आत पाऊल टाकणार तेवढ्यात डोळे खाली आले. त्याच्यावर थांबले. चार बोटं उचलली गेली. अनामिका खालीच राहिली, दाबलेली.

त्या बोटाला कळत होतं की कुणीतरी आलंय. सुश्रुतला ह्याची अजूनही खात्री आहे.

"तिला शुद्ध नाही," मागून दादा म्हणाले.

ते अंगणातून आले असावेत, पायांना ओली माती होती. चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. दुपारची झोप मोडलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

"दादा, हात..."

"नसा. मेंढराचं डोकं उडवल्यावर पाय झाडतं, तसं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तांब्या भरलेला आहे."

"मग?" दादा थांबले. ते त्याच्याकडे बघत राहिले, पट्टी कुठे मारायची ते ठरवताना बघत तसे. "तू पाजणार? पाज. फुप्फुसात गेलं आणि मेली तर गावाला सांगू, नातवाने मारली. कॉलेज जमलं नाही, हे जमलं."

खाटेवरचं बोट उचललं गेलं नाही.

"दार लाव," दादा म्हणाले. "माश्या येतात."

हे लिहायला अर्धं पान लागलं, घडायला श्वासाएवढा वेळ लागला. तांब्या सुश्रुतच्या डाव्या हाताला होता. दाराची कडी उजव्या हाताला.

त्याने दार लावलं.

७

कुमुदआत्या शनिवारी पहाटे गेली. देवघरातली गंगाजलाची तांब्याची कुपी, काशीहून आणलेली, चाळीस वर्षं लाखेने बंद होती. दादांनी ती सगळ्यांसमोर फोडली आणि तुळशीच्या पानाने बहिणीच्या तोंडात पाणी घातलं. बायका रडल्या. भाऊ असावा तर असा, असं कुणीतरी म्हणालं. पाणी आत गेलं नाही, गालावरून ओघळलं.

नलू दारातूनच परत गेली. जाताना सुश्रुतच्या समोर थांबली.

"बगितलंस?"

तो दाराशी पडलेल्या चपला सरळ करायला लागला.

"बगितलंस," ती म्हणाली, आणि पायरीवर थुंकली.

सोमवारी तो सेंटरला गेला. दोन वाजता यशराचा संदेश आला: *आत्यांचं कळलं. वाईट झालं. एक विचारायचं होतं, घाई नाही. तुझ्या त्या चार ओळी मला पटत नव्हत्या म्हणून काढून बघितल्या. टेस्ट बरोबर चालते. सकाळी, दुपारी, कधीही. मोजून एकेचाळीस हजार दोनशे बारा ओळी. शनिवारपासून जास्तीचं काहीच येत नाही. तू नक्की काय टाकून देत होतास?*

त्याने उत्तर लिहायला हात कीबोर्डवर ठेवले. काय लिहायचं ते ठरलं नव्हतं. टायमर, असं काहीतरी. उजव्या हाताची अनामिका खाली गेली.

ती वर आली नाही.

दुखत नव्हतं. कुणी धरलंय असंही वाटत नव्हतं. बोट फक्त त्या कळेवर होतं, आणि पडद्यावर एकच अक्षर एकामागोमाग एक उमटत चाललं होतं, ओळीच्या ओळी. त्याने डाव्या हाताने बोट ओढलं. कीबोर्ड बोटाबरोबर उचलला गेला. पत्रा टणकन वाजला. घड्याळात दोन दहा झाले होते.

खानावळीतून परतलेल्या वकिलांना तो तसाच बसलेला सापडला.

अलिबागचे डॉक्टर म्हणाले, नस दबलीय. पनवेलचे म्हणाले, मानेतून आहे. मुंबईचे म्हणाले, रिपोर्टमध्ये काही दिसत नाही. मे महिन्यात मनगट गेलं, जूनमध्ये कोपर. गणपतीपर्यंत हात खांद्यापासून दोरीसारखा लोंबायला लागला. यशराने दोनदा फोन केला, तो त्याने घेतला नाही. यादीतलं नाव त्यानेच काढून टाकायला सांगितलं.

वाडी दादांच्या एकट्याच्या नावावर झाली. दादांना काही झालं नाही. साखर नाही, रक्तदाब नाही, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर असतात.

सुश्रुत दिघीला असतो. आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर तिकिटं फाडतो. तिकिटांचं पुस्तक दाताखाली धरतो आणि डाव्या हाताने फाडतो. उजवा हात गेला.